मथुरेने शिकवलेले शब्द

आचऱ्यात कुणी कुणाला "तुला ऐकू येतं का?" असं विचारत नाही. विचारतात ते, "गाणा कसा झाला?"

सोमवारी देवळात भजन असायचं. रामनवमीच्या उत्सवात घाटावरून, गोव्याकडून गवई यायचे, कीर्तनकार यायचे, आणि सारा गाव सभामंडपात मांडी घालून बसायचा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पाणंदीत, मासळीच्या पाटीभोवती बायका जमल्या की सरंगा केवढ्याला याच्याआधी कालच्या बुवाचा निकाल लागायचा. ज्याला त्याला मत असायचं. ज्याला मत नाही त्याला माणसं जरा खुळा समजायची. म्हणून मथुरेला धास्ती होती ती या एकाच प्रश्नाची.

बावन्न साली पावसाळा सरता सरता गावात विषमज्वर शिरला. मथुरेच्या घरात त्याने दोघांना धरलं. नवरा लवू गेला. नऊ वर्षांची तुळसा वाचली. ताप उतरला त्या सकाळी मथुरा तिला पेज भरवत होती. दोन घोट घेतल्यावर पोर कुरकुरली, "आये, तू अशी तोंडातल्या तोंडात कित्याक बोलतंस?"

मथुरेला वाटलं, अशक्तपणा आहे, चार दिवसांत जाईल. चार दिवस गेले, महिना गेला, दिवाळी गेली. मालवणच्या डॉक्टरने एक दोन बोटांचा लोखंडी काटा वाजवून तुळसाच्या कानामागे टेकवला. "ऐकू येतं?" त्याने खुणेने विचारलं. "थरथरता," तुळसा म्हणाली. डॉक्टरने काटा पेटीत ठेवला आणि मथुरेला बाहेर बोलावून सांगितलं, "नस गेली बाई. ती परत येत नसते."

परतीच्या वाटेवर मथुरेने ठरवलं, हे कुणाला कळू द्यायचं नाही. बाप नाही, भाऊ नाही, आणि वर बहिरी. अशा मुलीच्या नशिबी एक तर म्हातारा बिजवर, नाही तर कुणाचा तरी वेडसर मुलगा. मथुरेकडे होती चार माडांची वाडी आणि हातांत काथ्याचं काम. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, झोडायची, काथ्या काढून सुंभ वळायचं. एवढ्यावर दोघींचं पोट भरत होतं. पण आपल्यामागे या मुलीचं काय, हा विचार सुंभ वळताना तिच्या बोटांबरोबर फिरत राहायचा.

तुळसा हुशार होती. ओठांवरून बोलणं ओळखायला ती आपसूक शिकली. आईने तिला एवढंच बजावलं, की कुणाकडे पाठ करून बसायचं नाही, आणि आवाज चढला की आई पदर सारखा करील, तेव्हा हळू बोलायचं. कुणी पाठीमागून हाक मारली आणि तुळसा वळली नाही, तर मथुरा कपाळाला हात लावून म्हणायची, "तिचा ध्यान खंय असता देवाक म्हायत!" गावाने तेही मानलं. तुळसा जरा तंद्रीतली मुलगी, एवढंच नाव पडलं.

राहिला गाण्याचा प्रश्न.

भिकाजी नारळाचा व्यापार करायचा आणि देवळातल्या भजनाला पेटी धरायचा. मथुरेचे नारळ तोच घ्यायचा. नारळ मोजून झाले की तो पडवीत टेकायचा, पान लावायचा आणि गाण्यावर बोलायचा. मथुरा पूर्वी "हो, हो" म्हणून आत निघून जायची. आता ती समोर बसू लागली.

"भिकाजीदादा, कालचो बुवा गोड गायलो नाय?"

"गोड?" भिकाजीने पानाची शीर काढता काढता मान वर केली. "गो मथुरे, गोड पोराटोरांच्या गाण्याक म्हणतत. साठ वर्साच्या बुवाक गोड म्हटलंस तर तो रागान जेवूचो नाय. तो सुरेल गायलो. सूर जाग्यार होतो. पण गोडी? गोडी नाय होती."

"म्हणजे सुरेल असान पण गोड नसता?"

"असता मां! आणि गोड असान सुरेल नसता, ता तर रोजच. तुझ्या शेजारणीची जात्यावरची गाणी आयक."

शेजारीण म्हणजे हिरा. तिचं घर दगडी गडग्यापलीकडे. मथुरा हसली, आणि ते सगळं मनात ठेवून दिलं. मग दर खेपेला ती काहीतरी विचारायची. हळूहळू तिला कळत गेलं, की हे शब्द दिसतात सारखे पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मंजूळ म्हटलं की आवाज लहान हवा, म्हणजे पैंजण, पावा, ओहोळाचं पाणी, फार तर एखाद्या नव्या सुनेचं बोलणं. रसाळ ही कीर्तनकाराची वाणी. गवई रसाळ नसतो. खडा आवाज ही पुरुषाची स्तुती, बाईला म्हटलं तर ती भांडकुदळ ठरते. कर्णमधुर हे वर्तमानपत्रातलं. विहिरीवर कुणी तो शब्द काढला तर बायका तोंडाला पदर लावतील. आणि फारच मनापासून आवडलं तर आचऱ्याचा माणूस यांपैकी काहीच म्हणत नाही. तो नुसतं म्हणतो, "आज लागलो हां बुवाचो सूर," आणि गप्प बसतो.

दुपारी काथ्या झोडून झाला की मथुरा तुळसाला समोर बसवायची आणि ओठ स्पष्ट हलवून शिकवायची. तुळसा नऊ वर्षं ऐकलेली मुलगी होती. शब्दांचे अर्थ तिला ठाऊक होते. समोर चाललेल्या गाण्याला त्यांतला कुठला लागू पडतो, एवढंच तिला कळत नव्हतं. त्यासाठी मथुरा देवळात तिला चिकटून बसायची. निऱ्यांच्या आड हात हातात असायचा. अंगठा दाबला की सुरेल, तळव्यावर बोट फिरवलं की गोड, मनगट धरलं की रसाळ. हिरा वळून विचारायची, "काय गो तुळशे, कसा काय?" आणि तुळसा आईचा हात सोडून ठरलेला शब्द बोलायची.

एकदा घोळ झालाच. पालखीपुढे ढोल वाजत होते, गर्दीत हात सुटला, आणि कुणीतरी विचारल्यावर तुळसा म्हणाली, "मंजूळ." बायका पोट धरून हसल्या. त्यांना वाटलं पोरीने थट्टा केली. मथुराही हसली, पण घरी येईपर्यंत तिने पोरीचा हात सोडला नाही. त्यानंतर तिने तुळसाला पुन्हा पहिल्यापासून बसवलं.

"ढोल पायांतसून कळता," तुळसा म्हणाली. "खांबाक हात लावलो की मृदंग पण कळता. गाणा खंयसूनच येणा नाय."

"येणा नाय तर नाय. मी आसंय मां?"

"आये, वायट गाण्याक काय म्हणतत?"

"ता तुका नको."

मथुरेचा हिशोब सरळ होता. मुलीच्या जातीने कुणाला नावं ठेवायची नसतात. आणि चुकलीच, तर स्तुतीत चुकलेली बरी. स्तुती कुणाला जास्त होत नाही. बेसूर, कणसूर, भसाडा, चिरका हे शब्द तिने घरात आणलेच नाहीत.

वर्षं गेली. तुळसा एकोणीस वर्षांची झाली. गावात बोलू लागले, की मथुरेच्या चेडवाचा कान तयार आहे, बोलते थोडं पण नेमकं बोलते. भिकाजी तर चारचौघांत म्हणायचा, "तुळसा गोड म्हणाली तर गोड. तिका इचारा." मथुरेला ते ऐकून बरं वाटायचं, आणि त्याच घटकेला ती विषय बदलायची. लबाडी लपावी म्हणून ती झटली होती. तिचा असा गौरव व्हावा असं तिने मागितलं नव्हतं.

त्या गौरवातूनच स्थळ आलं.

"फोंडाघाटाक माझ्या ओळखीचा घर आसा," भिकाजी एका सकाळी म्हणाला. "बाजारात किराणाचा दुकान. झील हरिश्चंद्र, शांत. आवस आणि काको, बस. घर गाण्यातला. मी तेंका सांगान ठेवलंय, आमच्या आचऱ्याक एक चेडू आसा, तेच्यासारखो कान सात गावांत गावाचो नाय. माझी जबान आसा हां मथुरे."

मथुरेला नाही म्हणता आलं नाही. असं स्थळ पुन्हा आलं नसतं. एकदा लग्न झालं, एखादं मूल झालं, की मग कळलं तरी कोण घराबाहेर काढणार आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

ती माणसं मार्गशीर्षात आली. हरिश्चंद्र, त्याची आई काशीबाई आणि काका महादू. काशीबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पाणंदीतून आली. मथुरेला वाटलं, गाडी लागली असेल. पडवीत बसल्यावर पोह्यांची बशी समोर ठेवली तरी तिने उचलली नाही, तेव्हा महादूने ती उचलून तिच्या हातात दिली. मथुरा जागच्या जागी थांबली. भिकाजीने मान खाली घातली. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"चेडवा, ये गो हय," काशीबाई म्हणाली. "बोल कायतरी. तुझो आवाज आयकांदे."

तुळसाने ओठ वाचले आणि आपलं नाव सांगितलं. काशीबाईने मान तिरकी करून ऐकलं. "जाडसर आसा, पण बरो. गातंस?"

"गात नाय ती," मथुरा घाईने म्हणाली. "पण गाण्याची जाण आसा."

"मग झाला तर!" महादूने घसा खाकरला. "आमच्या घरात गळो फक्त माका."

त्याने डोळे मिटले आणि एक अभंग सुरू केला. सूर एकीकडे होता, महादू एकीकडे होता आणि मध्ये दोन शेतं होती. हरिश्चंद्र पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. भिकाजीला ठसका लागला. त्या घराची रीत अशी होती, की महादूचं गाणं संपलं की कुणीतरी टोमणा मारायचा आणि सगळ्यांत मोठ्याने महादूनेच हसायचं. पण परक्या घरात टोमणा कोण मारणार? गाणं संपलं आणि सगळे गप्प बसले. ते अवघडलेपण मोडायला भिकाजी म्हणाला, "काय गो तुळशे, कसा वाटला?"

मथुरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पोचत नव्हता. तुळसाने तिच्याकडे पाहिलं. मथुरेने नुसती मान हलवली, आणि त्या मानेचा अर्थ काय घ्यायचा हे दोघींनाही कळलं नाही.

"सुरेल," तुळसा म्हणाली.

हरिश्चंद्रने अंगठ्यावरची नजर उचलली. मग काशीबाई एकदम हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"महादू, आयकलंस? जन्मात तुका कोण सुरेल म्हणूक नाय! हरी, माका ह्या चेडू पसंत आसा. जेका ह्याचा गाणा खुपला नाय, तेका आमच्या घरात काय खुपाचा नाय." पदराने डोळे पुसून ती मघाशी मथुरेचा आवाज आला होता त्या दिशेला वळली. "आता माझा सांगतंय, लपवूचा नाय. माझे डोळे गेले. गेल्या पावसात चुलीकडे हात भाजून घेतलंय. हे दोगव दिवसभर दुकानात. सून दिसाक कशी आसा, गोरी काय काळी, माका काय करूचा? हाक मारल्यार ओ देणारी होयी. बस."

भिकाजीने मांडीवर थाप मारली. "मग ओ देणारीच दिलंय तुमका!"

माघात लग्न करायचं ठरलं. माणसं गेली. मथुरेने बशा उचलल्या, विहिरीवर नेल्या, आणि तिथेच काठावर बसून राहिली. तुळसा मागून आली आणि समोर येऊन बसली, नेहमीसारखी, तोंड दिसेल अशी.

"ती काय म्हणाली ता माका दिसला, आये."

"काय दिसला?"

"ती हाक मारतली तेवा माझो हात कोण दाबतलो?"

"शिकशील," मथुरा म्हणाली.

मग तिने शिकवायला घेतलं. इतकी वर्षं शिकवलं होतं, हेही शिकवता येईल. दुपारी तिने तुळसाला चुलीपुढे बसवलं, स्वतः पडवीतल्या बाजल्यावर आडवी झाली आणि डोळ्यांवर पदर घेतला. काशीबाई जशी पडून असेल तशी. "तुळशे गो!" आतून नारळ खवण्याचा आवाज येत होता. "तुळशे!" खवणं थांबलं नाही. तिने आणखी मोठ्याने हाक मारली. पदराखाली काळोख होता, आणि त्या काळोखात मुलगी चार हातांवर असून नव्हती.

"काय गो मथुरे, कित्याक वराडतंस?" गडग्यापलीकडून हिराने विचारलं.

"काय नाय! मांजर!" मथुरा ओरडली.

साऱ्या वाडीला ऐकू जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वेगळं ठरवलं. तुळसाने थोड्या थोड्या वेळाने येऊन बघून जायचं. तुळसा इतकी धावली की भात लागला, निखाऱ्यावर घातलेला बांगडा करपला, आणि तरी मथुरेने हाक मारली ती नेमकी तुळसा नुकतीच बघून गेली तेव्हा. मग मथुरेने बाजल्यापासून चुलीपर्यंत सुंभ लावलं. एक टोक स्वतःच्या हातात, दुसरं तुळसाच्या मनगटाला. ओढलं की तुळसा हजर. मथुरेला हर्ष झाला. तिने पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. त्या दिवशी ती जेवलीही नीट.

पण तुळसा पाण्याला निघाली तेव्हा तिने मनगटाची गाठ सोडून दाराच्या कडीला सुंभ अडकवलं आणि घागर घेऊन गेली. मथुरा त्या लोंबत्या टोकाकडे बघत राहिली. आणि दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. दोर बांधायचा तर त्या घरात खरं सांगायला हवं. खरं सांगितलं तर दोर बांधायची वेळच येणार नाही. न सांगता मुलगी पाठवली, तर ती आंधळी बाई एक दिवस चुलीशी पडेल, ओरडत राहील, आणि तुळसा परसात शांतपणे भांडी घासत बसलेली असेल. मग लोक काय म्हणतील? म्हणतील, सून मुद्दाम आली नाही.

तिने भिकाजीला सांगायचं ठरवलं. दोनदा त्याच्या खळ्यापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. त्याने जबान दिली होती. शेवटी सुंभाचं नवं वेटोळं पिशवीत टाकून ती एकटीच गाडीत बसली, कणकवलीला गाडी बदलली, आणि फोंडाघाटच्या बाजारात घर विचारत गेली.

काशीबाई पडवीतच होती. दुपारपुरता दुकानातून आलेला महादू तांदूळ निवडत बसला होता. "कोण?" काशीबाईने विचारलं. मथुरेने नाव सांगितलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसली असती तर उठून आली असती.

"माझ्या चेडवाक आयकूक येणा नाय. तापात कान गेले. ती ओठ बघान बोलता. मी सगळ्यांका फसवलंय. भिकाजीक म्हायत नाय."

महादूचा हात सुपात थांबला. "म्हणजे," तो म्हणाला, "तेवा माझा गाणा..."

"आयकूक नाय तिणा."

मथुरेने पिशवीतून वेटोळं काढून काशीबाईच्या मांडीवर ठेवलं. "ह्या बघा, मी करून बघितलंय. एक टोक तुमच्या हातात. ओढलास की ती येतली. ती कामाक वाघीण आसा. तिका काय एक सांगूक लागणा नाय. माझ्या घरी जमता ह्या, खरा सांगतंय, जमता..."

काशीबाईने सुंभ बोटांनी चाचपलं, पीळ पाहिला, टोकाची गाठ पाहिली.

"ह्या काय गो? गुराचा दावा?"

मथुरेने वेटोळ्याकडे हात नेला आणि परत घेतला.

"तुझ्या चेडवाक मी गुरासारख्या बांधून घालू? आणि ता पाण्याक गेला, परसात गेला, तर मी कोणाक ओढू? खांबाक?" काशीबाईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मथुरेला बरं वाटलं असतं. "तू येऊन सांगलंस, ह्या बरा केलंस. मी तुका वायट म्हणूचंय नाय. पण मी आंधळी, ती भैरी. घरात हाक मारूची कोणी आणि आयकूची कोणी? तूच सांग. तू माझ्या जागेर असतंस तर घेतलं असतंस?"

मथुरेला खोटं बोलायची सवय होती. पण त्या रिकाम्या डोळ्यांपुढे तिला ते जमलं नाही. "नाय," ती म्हणाली.

महादू तिला गाडीपर्यंत पोचवायला आला. गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "वैनी, माझो सूर लागणा नाय ता माका म्हायत आसा. पन्नास वर्सा माणसा हसतत, मी पण हसतंय. तुमचा चेडू सुरेल म्हणाला, तेवा मी घरी येऊन तोच अभंग परत म्हटलंय. एकटोच." तो जरा थांबला. "आता तो अभंग म्हणूक होवचो नाय," तो म्हणाला, आणि वळून निघून गेला.

घाटाकडून येणारी ती गाडी खचाखच भरली होती. मथुरा उभी राहून आली. साऱ्या वाटेत तिला एकच दिसत होतं: आपण एक दिवस बाजल्यावर पडलेल्या आहोत, घशातून आवाज निघत नाही, आणि निघाला तरी उपयोग नाही. आणि त्यापुढचं, आपण नाही आहोत आणि तुळसा एकटी त्या घरात, दाराला कडी लावून, बाहेर कोण आलंय, कोण ओरडतंय, आग लागली आहे की चोर आला आहे, तिला काही कळत नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "बरा वाटणा नाय काय गो?" मथुरेने पदराने तोंड पुसलं.

दिवेलागणीला ती घरी पोचली. तुळसा कुंपणाच्या बेड्यात, वाट बघत उभी होती. मथुरेने ओठ नीट हलवून सांगितलं, "जमला नाय."

"सांगलंस?"

"सांगलंय."

तुळसा पायरीवर बसली. ती रडेल म्हणून मथुरा वाट बघत होती. तुळसाने एक मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "मग आता माका देवळात येऊक नको मां?"

"कित्याक? तुका आवडता मां देवळात?"

"माणसांची तोंडा हलतत, माना हलतत, आणि मी तुझ्या हाताकडे लक्ष ठेवतंय. रात सरता सरत नाय." ती आवाज चढवून बोलत होती, आणि आज मथुरेने पदर सारखा केला नाही. "शब्द चुकलो तर तू रडशील म्हणून येय होतंय."

मथुरा तिच्याजवळ पायरीवर बसली. इतकी वर्षं ती समजत होती, की आपण मुलीला सांभाळून नेतो आहोत. उद्या भिकाजीला कळेल. परवा गावाला. मग कुणीही येणार नाही, बिजवरही नाही.

सोमवार होता. देवळातून टाळ ऐकू यायला लागले. गडग्यापलीकडे कंदील हलला. हिरा भजनाला निघाली होती.

"मथुरे! येतंस मां? आज वेंगुर्ल्याचो बुवा आसा. तुळसाक घेऊन ये गो, तिका इचारल्याशिवाय काय समाधान नाय."

मथुरा उठली आणि गडग्यापाशी गेली. "तुळसा येवची नाय."

"कित्याक गो? बरा नाय काय?"

"तिका आयकूक येणा नाय, हिरा."

"काय म्हटलंस?"

मथुरेने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, पलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल असं.